बॉनेटवर हात

२ जून, रविवार

वही बॅगेत पडून आठवडा झाला, आज उघडली. कपड्यांच्या मधोमध ती खोचताना ही म्हणाली होती, "मला सांगता येणार नाही ते देवाला सांग, आणि देवाला सांगायला लाजशील ते यात लिही." मी म्हटलं, लाजण्यासारखं मी काय करणार आहे? तर म्हणे, "करणार काही नाहीस रे. पण कुरकुर फार करतोस." आम्ही दोघं एकाच संडे स्कूलमधले, त्यामुळे अहो-जाहो कधी जमलंच नाही. ती लहानपणापासून मला असंच बोलत आली आहे.

तर कुरकुर. परक्या देशातली ही छावणी म्हणजे तारेचं कुंपण, पत्र्याच्या खोल्या आणि धूळ. दात घासून झाले तरी तोंडात कचकच. मी गाड्यांचा मिस्त्री, माझा सगळा संसार वर्कशॉपमध्ये. छावणीत ख्रिस्ती मी एकटाच. पाळकसाहेब मोठ्या तळावर असतात, इकडे येतील तेव्हा येतील. आज रविवार म्हणून वर्कशॉपच्या मागे एका जुन्या टायरवर बसून उपासना केली. गीत म्हणायला घेतलं. आमच्या देवळात माझा आवाज हिच्या आवाजामागे लपतो म्हणून खपून जातो. इथे एकट्याने ऐकला आणि दुसऱ्या कडव्याला गप्प बसलो.

आमच्या घरात कुणी प्रवासाला निघालं की डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. आई करायची, आता ही करते. पण या वेळी हिने ते विमानतळाच्या दारात केलं, अख्ख्या तुकडीसमोर. मी मान खाली घालून आपले बूट बघत होतो. आता वाटतं, अजून जरा वेळ ठेवला असता हात तर काय बिघडलं असतं?

५ जून, बुधवार

खोलीतला जोडीदार लंबू. स्पेअर पार्टच्या स्टोअरला असतो, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि उंची एवढी की पाय पलंगाबाहेर. जेवताना मी डोळे मिटले तर हा चमचा हातात धरून थांबला.

"झालं का? गार होतंय."

"तू जेव की."

"समोरचा डोळे मिटून बसलाय आणि मी घास कोंबू? काय म्हणतोस तरी एवढं?"

मी सांगितलं की आमच्या घरी जेवणाची प्रार्थना आमची मुलगी पिल्लू म्हणते, तीच इथेही म्हणतो. लंबूने म्हणून दाखवायला लावली. "प्रभू येशू, ताटात आहे त्याबद्दल थँक्यू. जो ताटावर नाही त्यालापण वाढ. आमेन." दुसरं वाक्य तिने मी निघायच्या आठवड्यात आपल्या मनानेच जोडलं. पहिलीतली पोर, पण गोरगरिबांची केवढी काळजी! अगदी आईवर गेली आहे.

लंबू म्हणाला, "मिस्त्री, इंजिन सोडून तुला दुसरं काही कळतं का रे?" त्याचं देवाशी बोलणं बंद आहे, आई गेली तेव्हापासून, असं त्याने स्वतःच सांगितलं. "आमेन माझ्याकडून धरू नकोस," म्हणाला. मी म्हटलं, नाही धरत.

११ जून, मंगळवार

आज पहिल्यांदाच पुढच्या चौकीकडे ताफा गेला. रस्ता वाईट आहे, आणि नुसत्या खड्ड्यांनी वाईट नाही. गाड्या गेटपाशी रांगेत उभ्या होत्या, आत पोरं हेल्मेट घालून बसलेली. मला एकदम आई आठवली, शाळेला निघताना दारात अडवणारी. पण इथे माणसांच्या डोक्यांवर हात ठेवत सुटलो तर साहेब मला पहिल्या विमानाने घरी पाठवतील.

बॉनेटवर ठेवायला मात्र कुणाची हरकत नसते. इंजिन किती तापलंय ते बघतोय असा चेहरा केला आणि एकेका गाडीवर हात ठेवून मनात म्हटलं, प्रभू, यांना ने आणि आण. कुणाला काही कळलं नाही. संध्याकाळी सगळे परत आले.

२३ जून, रविवार

ड्रायव्हर लोकांचे फार लाड झालेत. आज नाना, म्हणजे आमच्यातले सगळ्यात जुने ड्रायव्हर, इंजिन बंद करून खाली उतरले. "मिस्त्री, माझी गाडी राहिली."

"नाना, तुमची गाडी नवी कोरी आहे. तिला काय धाड भरलीय?"

"तरी बघ. हात लावायला काय जातं तुझं?"

आणि हेच नाना तिकडे आपल्या देशात दोन वर्षं मला तेल बदलायलाही गाडी देत नव्हते. आता सगळ्यांना वेड लागल्यासारखं झालंय. मी गेटवर गेल्याशिवाय कुणी गिअरच टाकत नाही. पाण्याच्या टँकरवाल्याला आम्ही गवई म्हणतो. गाडी धुताना, टाकी भरताना, शिव्या देतानासुद्धा त्याचं गाणं चालू. पण मी बॉनेटवर हात ठेवला की गप्प. गेटवरच्या पहारेकऱ्यांना लाजत असावा.

टायरवरची उपासना झाली. आज तिसऱ्या कडव्यापर्यंत पोचलो.

१ जुलै, सोमवार

आज भलताच प्रकार झाला. मोठ्या साहेबांनी बोलावलं. म्हणाले, "रोज सकाळी सगळ्या गाड्यांचं बॉनेट तपासावं लागतं. इंजिनं तापतायत का? काही दोष आहे का?" आता काय सांगणार? मी म्हटलं, "दोष नाही साहेब, आपली खबरदारी." तो शब्द त्यांना इतका आवडला की दुपारी फळ्यावर आदेश लागला: मिस्त्रीने बॉनेट तपासल्याशिवाय कोणतीही गाडी गेटबाहेर जाणार नाही. खाली सही, शिक्का.

लंबूने तो वाचला आणि इतका हसला की किल्ल्यांचा जुडगा खाली पडला. "अभिनंदन! सरकारी झालास!" मी विचारलं, यात हसण्यासारखं काय आहे? तर डोळे पुसत स्टोअरमध्ये निघून गेला. मला मात्र आत कुठेतरी टोचतंय. साहेबांना फसवल्यासारखं वाटतं. पण खबरदारी हा शब्द काही खोटा नाही.

६ जुलै, शनिवार

घरी फोन. पिल्लूचा एक दात पडला, तो तिने मला फोनवर दाखवला, म्हणजे फोनच्या भोकाशी धरला. मग हिला आदेशाची गोष्ट सांगितली. ती लंबूसारखीच हसली.

"त्यांना ठाऊक आहे का, तू काय करतोस ते?"

"छे! मी चेहरा अगदी इंजिनाचा करतो."

"तुझे ओठ हलतात रे."

"नाही हलत."

"देवळात गाणाऱ्यांच्या बाकावरून मी तुला अकरा वर्षं बघतेय. हलतात."

बायकोशी कोण वाद घालणार?

१९ जुलै, शुक्रवार

गवईचा टँकर सुरुंगावर गेला. पुढच्या चौकीच्या अलीकडे, नाल्यापाशी. गवई जिवंत आहे. डावा पाय गुडघ्याखाली गेला.

सकाळी मी हात ठेवला होता. नीट ठेवला होता.

२१ जुलै, रविवार

टायरवर बसलो नाही. वर्कशॉपमध्ये राहिलो आणि नानांच्या नव्या कोऱ्या गाडीचं तेल उगीचच बदललं.

लिहितो, म्हणजे डोक्यातून जाईल. मी त्या टँकरवर हात ठेवला. म्हटलं, याला ने आणि आण. रोजच्यासारखंच. घाईत नव्हतो, मन भलतीकडे नव्हतं. मग? ऐकलंच नसेल तर मी एवढे दिवस पत्र्याशी बोलत होतो. आणि ऐकून हे केलं असेल तर मला त्याच्याशी बोलायचंच नाही. आई असती तर तोंडात मारली असती हे वाक्य वाचून. पण आई नाही, आणि ही वही कुरकुरीसाठीच दिलेली आहे.

जेवताना डोळे मिटले नाहीत. लंबू चमचा धरून थांबला. मी खायला लागलो तसं त्याने चमचा खाली ठेवला, आणि बराच वेळ जेवलाच नाही.

२५ जुलै, गुरुवार

आदेश आहे तसा आहे. मी गेटवर जातो, बॉनेटवर हात ठेवतो. खाली गरम पत्रा, बाकी काही नाही. आत एक शब्द नाही. सरकारी काम.

आज पाचही गाड्यांना हात लावून मी बाजूला झालो आणि "जाऊ द्या" म्हणून खूण केली. एकही गाडी हलली नाही. मी पुन्हा खूण केली. नाना खिडकीतून म्हणाले, "झालं नाही अजून."

"झालं की नाना. पाचही बघितल्या."

"बघितल्यास. पण झालं नाही."

मागच्या गाडीतल्या पोरांनी हेल्मेटं काढून मांडीवर ठेवली होती. सगळ्यांची. देवळात टोपी काढतात तशी. म्हणजे यांना ठाऊक होतं. पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि कुणी एका शब्दाने बोललं नाही. ही म्हणाली ते खरं, ओठ हलत असणार. माझे कान तापले. दीड महिना मी इंजिनाचा चेहरा करून नाचलो आणि हे सगळे मख्ख चेहऱ्याने बघत बसले!

मी म्हटलं, "नाना, आज नाही जमणार." नाना "बरं" म्हणाले आणि गाडी काढली. रागावले असते तर बरं झालं असतं. संध्याकाळी परत येईपर्यंत मी पाना हातात धरून नुसता उभा होतो. सगळे आले.

२७ जुलै, शनिवार

हिला सगळं सांगितलं. टायर, पत्रा, सगळं. वाटलं होतं शास्त्रातलं काहीतरी ऐकवील, मग मी चिडेन, मग फोन ठेवता येईल. तिने विचारलं, "विमानतळावर मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला, तो कशाला ठेवला असं वाटतं तुला?"

"मला काही होऊ नये म्हणून."

"तुला काही होणारच नाही याची खात्री असती तर मी महिनाभर रडले असते का? इतकी मूर्ख आहे का मी?"

"मग कशाला?"

ती म्हणाली, "तुला एकट्याला जाऊ देववेना रे. मला येता येत नव्हतं. म्हणून ज्याला येता येतं त्याला म्हटलं, तू जा. बाकी काही मागायचं सुचलंच नाही मला."

मी म्हटलं, पिल्लू झोपली का? झोपली, म्हणाली. त्या पोरीचं नाव काढलं की आम्हा दोघांना बोलणं संपवता येतं.

३० जुलै, मंगळवार

सामानाच्या गाडीबरोबर मोठ्या तळावर गेलो, दवाखान्यात गवईला भेटायला. वाटेत काय बोलायचं ते ठरवत होतो, त्यातलं काहीच बोललो नाही. तो उशीला टेकून बसला होता. चेहरा वाळलेला, पण दाढी केलेली. मला बघून म्हणाला, "टँकरचं काय?"

"पुढचा सगळा भाग गेला. मागची टाकी शाबूत आहे. अजून नाल्यातच पडलाय."

"आणा रे त्याला. असा नका टाकू."

मग एकदम म्हणाला, "तुझं ते बंद झालंय म्हणे. लंबूचा फोन होता."

मी मान हलवली.

"का?"

"का काय? तुझ्या गाडीवर हात ठेवला होता मी."

"ठाऊक आहे. मी गाणं थांबवलं होतं. रोज थांबवायचो. तुझं बोलणं चालू असताना आपण कसं गायचं?" पहारेकऱ्यांना लाजतो म्हणे! मला स्वतःचीच कीव आली. गवई पुढे बोलतच होता, आणि आता त्याचा आवाज चढला. "हे बघ मिस्त्री. तुझं तुझ्या देवाशी काय भांडायचं ते भांड. पण माझ्या पायाच्या नावावर नको. माझा पाय आहे तो. त्याच्यावर काय रागवायचं ते मी बघीन."

पलीकडच्या पलंगावरचा माणूस जागा झाला. गवई हळू आवाजात म्हणाला, "नाल्यात पडलो होतो ना, माणसं येईपर्यंत, तेव्हा मी तुझं ते ओठ हलवणं आठवत होतो. शब्द ठाऊक नव्हते. नुसते ओठ हलवले."

मी त्याच्या पलंगाच्या दांडीला धरून रडलो. मोठमोठ्याने. नर्सने येऊन पाणी दिलं, ते गवईला न देता मला दिलं.

१ ऑगस्ट, गुरुवार

उद्या टँकर आणायला जायचंय. क्रेनची गाडी माझी, तेव्हा मीच चालवणार. पुढे-मागे पहाऱ्याच्या गाड्या. रस्ता तोच, नाला तोच. सुरुंग काढणाऱ्यांनी रस्ता तपासलाय, पण तसा तो आधीही तपासला होता.

भीती वाटते. लिहून ठेवतो, कारण लंबूसमोर मी शीळ घालत बॅग भरली. आणि आणखी एक गोष्ट वाटते, ती लिहायलाही लाज वाटते. रोज मी सगळ्यांच्या गाडीवर हात ठेवतो. माझ्या गाडीवर कोण ठेवणार? वर्कशॉपमागे जाऊन टायरवर बसलो खरा, पण गीत सुचेना, प्रार्थना सुचेना. नुसता बसलो. पण बसलो.

२ ऑगस्ट, शुक्रवार

परत आलो. टँकर वर्कशॉपच्या अंगणात उभा आहे. आता झालं तसं लिहितो.

सकाळी पहाऱ्याच्या दोन्ही गाड्यांवर हात ठेवला. म्हटलं, प्रभू, मी तुझ्यावर अजून रागावलेला आहे, पण यांच्याबरोबर जा. ओठ हलू दिले. पोरांनी हेल्मेटं काढली होती, ती पुन्हा घातली. मग क्रेनच्या गाडीत चढलो आणि चावी फिरवणार, तर समोर लंबू. हा माणूस नाश्त्याची घंटा झाल्याशिवाय कधी उठत नाही. पायात सपाता, अंगात बनियन, कमरेला तेवढा जुडगा.

तो बॉनेटपाशी येऊन उभा राहिला आणि त्याने हात ठेवला. आपला भलामोठा पंजा, पत्र्यावर पसरून.

मी खिडकीतून ओरडलो, "काय करतोयस?"

"इंजिन तापलंय का बघतोय."

"अरे, अजून चालूच केलं नाही!"

"गप्प बस ना जरा."

डोळे मिटायचे असतात हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. तो सरळ माझ्याकडे बघत काहीतरी पुटपुटला. मागे नाना दात घासत उभे होते, त्यांनी ब्रश तोंडातून काढला. गेटवर कुणीही हललं नाही. मग लंबूने बॉनेटवर दोन थापा मारल्या आणि बाजूला झाला. "जा. आदेश पाळला."

नाल्यापाशी पोचलो. साखळी अडकवायला नेहमीपेक्षा वेळ लागला. दुसरं काही झालं नाही. पाण्याची टाकी खरोखरच शाबूत निघाली.

संध्याकाळी जेवायला बसलो. मी डोळे मिटले, लंबूने चमचा धरला. झाल्यावर मी विचारलं, "सकाळी काय म्हणालास रे?"

"तुझ्या पोरीचं. मला दुसरं काय येतंय?"

मला हसू आवरेना. "अरे, ती जेवणाची प्रार्थना आहे! ताटात आहे त्याबद्दल थँक्यू, हे तू क्रेनच्या गाडीवर म्हणालास?"

तो हसला नाही. "पहिलं वाक्य गाळलं. दुसरंच म्हटलं."

"तेही जेवणाचंच आहे की. गोरगरिबांसाठी."

लंबूने चमचा खाली ठेवला. "मिस्त्री, तुमच्या घरी ताटावर कोण नाही सध्या?"

"मी. दुसरं कोण?"

"पोरगी रोज तुझ्याचसाठी मागते, गाढवा. दोन वेळा. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

समोरचं ताट मला दिसेना. लंबूने आपल्यातला भात माझ्या ताटात ओतला आणि म्हणाला, जेव आता, गार होतंय.